गणपतराव देशमुख आणि सांगोला विधानसभा मतदारसंघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतराव देशमुख कोण होते?

गणपतराव देशमुख हे सोलापूर जिल्ह्यातील सांगोला विधानसभा मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) आमदार होते. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ रोजी झाला आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे मूळ गाव. कायद्याचे शिक्षण घेतल्यावर ते सांगोल्यात वकिली करू लागले आणि पुढे तोच तालुका त्यांची राजकीय कर्मभूमी झाला. तालुक्यात त्यांना सगळे ‘आबासाहेब’ म्हणत. आमदार असतानाही एसटीने प्रवास करणारा नेता ही त्यांची ओळख महाराष्ट्रभर पसरली. ती खरी आहे. मात्र केवळ साधेपणाच्या आठवणी सांगत राहिल्यास त्यांच्या कारकिर्दीतील निवडणुका, पराभव, आघाड्या आणि पाण्यासाठीचा दीर्घ पाठपुरावा झाकला जातो, आणि वाचकांचे बहुतेक प्रश्न नेमके याच गोष्टींविषयी असतात.

ते कोणकोणत्या वर्षी निवडून आले?

त्यांनी १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा अकरा निवडणुका जिंकल्या. १९७२ आणि १९९५ मध्ये त्यांचा पराभव झाला. हे सर्व विजय एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाचे उमेदवार म्हणून मिळाले. १९६२ ची निवडणूक ही १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक होती. म्हणजे राज्याच्या पहिल्या निवडणुकीपासून ते २०१९ पर्यंत, जिंकून वा हरून, या ना त्या रूपाने गणपतराव सांगोल्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी राहिले.

अकरा विजय म्हणजे पंचावन्न वर्षे आमदारकी, हे बरोबर आहे का?

नाही. अकराला पाचने गुणून काढलेला हा आकडा प्रत्यक्षाशी जुळत नाही. १९७४ चा विजय पोटनिवडणुकीतला होता, त्यामुळे त्यांना आधीच सुरू असलेल्या विधानसभेचा केवळ उरलेला काळ मिळाला. तो काळही नेहमीपेक्षा लांबला, कारण आणीबाणीच्या काळात विधानसभेची मुदत वाढली आणि १९७२ च्या विधानसभेनंतरची निवडणूक थेट फेब्रुवारी १९७८ मध्ये झाली. याउलट १९७८ मध्ये निवडून आलेली विधानसभा पाच वर्षे टिकली नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवार यांचे सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि त्याच वर्षी पुन्हा मतदान झाले.

प्रत्यक्ष हिशेब असा मांडता येतो. १९६२ ते १९७२ ही सलग दहा वर्षे, १९७४ ते १९९५ ही साधारण एकवीस वर्षे आणि १९९९ ते २०१९ ही वीस वर्षे मिळून सुमारे ५१ वर्षे होतात. १९६२ ते २०१९ हा एकूण काळ ५७ वर्षांचा आहे आणि त्यातून पराभवामुळे आलेले दोन खंड वजा करावे लागतात. ५१ वर्षे हा आकडा पंचावन्नपेक्षा लहान असला तरी महाराष्ट्राच्या विधिमंडळात तो असामान्यच आहे, आणि तो फुगवून सांगण्याची काहीही गरज नाही.

पोटनिवडणुकीतला विजय स्वतंत्र विजय म्हणून मोजायचा का?

होय. पोटनिवडणुकीत मतदार नव्याने कौल देतात, उमेदवारी अर्जापासून मतमोजणीपर्यंतची संपूर्ण प्रक्रिया पुन्हा होते आणि निवडून आलेला सदस्य नव्याने शपथ घेतो. म्हणून ‘किती वेळा निवडून आले’ या मोजणीत तो विजय धरला जातो. ‘किती विधानसभांचे सदस्य होते’ असा प्रश्न असेल तर मात्र मोजणीची पद्धत बदलते. मुंबईतील कालिदास कोळंबकर यांचे उदाहरण येथे उपयोगी आहे. त्यांच्या नऊ विजयांतही पक्षांतरानंतरच्या एका पोटनिवडणुकीचा समावेश होतो. दोन नेत्यांची तुलना करताना दोघांसाठी एकच व्याख्या वापरली नाही, तर तुलना अन्यायकारक ठरते.

१९७२ मध्ये त्यांचा पराभव का झाला?

१९७२ ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतर काही महिन्यांतच झाली आणि त्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातील २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाची संख्या १९६७ मधील १९ वरून ७ वर घसरली. सांगोल्याचा निकाल या राज्यव्यापी पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. तो एखाद्या आमदाराविरुद्ध मतदारसंघाने दिलेला स्वतंत्र निवाडा होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तसे असते तर जागा रिकामी झाल्यावर अवघ्या दोन वर्षांत त्याच मतदारांनी त्यांना परत पाठवले नसते.

या दोन वर्षांच्या मधोमध १९७२ चा भीषण दुष्काळ आला, हेही विसरता येत नाही. सांगोला हा पर्जन्यछायेतील तालुका आहे. अशा ठिकाणी दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर किती लोक आहेत, मजुरी वेळेवर मिळते की नाही, जनावरांना चारा कुठून येणार, हेच राजकारणाचे मुख्य विषय होतात. या विषयांवर मोर्चे काढणे आणि तहसील कचेरीत ठाण मांडणे हे शेकापचे नेहमीचे काम होते, आणि सत्ता हाती नसतानाही ते करता येत होते.

१९९५ चा पराभव किती मतांनी झाला?

१९२ मतांनी. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील त्या वेळी विजयी झाले. १९९५ हे वर्ष राज्यातही उलथापालथीचे होते. काँग्रेस ८० जागांवर आली, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या आणि ४५ अपक्ष निवडून आले. राज्यभर काँग्रेस मागे पडत असताना सांगोल्यात मात्र काँग्रेसचा उमेदवार जिंकला, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. राज्याची लाट आणि मतदारसंघाचा कल एकाच दिशेने जातात, हे गृहीत धरणाऱ्यांनी सांगोल्याचा १९९५ चा निकाल अवश्य पाहावा.

इतक्या कमी फरकाने हरल्यावर काय करता येते?

कायद्याने दोन मार्ग दिलेले आहेत. पहिला मार्ग मतमोजणीच्या ठिकाणचा. निकाल जाहीर होण्यापूर्वी उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे कारणे देऊन फेरमोजणीची लेखी मागणी करू शकतो. ती मान्य करायची की फेटाळायची, याचा निर्णय अधिकारी कारणांसह देतो. केवळ फरक कमी आहे एवढ्या कारणावरून फेरमोजणीचा हक्क आपोआप मिळत नाही. दुसरा मार्ग निवडणूक याचिकेचा. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत ती उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. भ्रष्ट मार्गांचा अवलंब, अर्ज चुकीने फेटाळणे किंवा स्वीकारणे, मतांची गैरमोजणी अशी ठोस कारणे त्यासाठी द्यावी लागतात. दोन उमेदवारांची मते अगदी समान झाली तर लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार चिठ्ठी टाकून निर्णय होतो.

तिसरा मार्ग राजकीय आहे आणि गणपतरावांनी तोच धरला. पुढची साडेचार वर्षे ते आमदार नसताना तालुक्यात काम करत राहिले आणि १९९९ मध्ये परत निवडून आले. त्या वेळी त्यांचे वय ७३ होते. त्यानंतर ते सलग चार निवडणुका जिंकले.

सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातील विक्रम त्यांच्या नावावर आहे का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचे उत्तर मिळणारा प्रश्न आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अकरा विजयांची बरोबरी कोणी केलेली नाही. देशपातळीवर मात्र त्यांच्यापुढे नावे आहेत. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले. मात्र त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळचे के. एम. मणी हे पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले आणि तेथे कधीही हरले नाहीत. केरळचेच ओमन चांडी यांनी पुदुपळ्ळीतून १९७० ते २०२१ दरम्यान बारा विजय मिळवले.

त्यामुळे ‘देशात सर्वाधिक वेळा’ किंवा ‘एकाच मतदारसंघातून देशात सर्वाधिक वेळा’ ही दोन्ही विधाने टाळावीत. गणपतरावांबद्दलचा आदर व्यक्त करण्यासाठी त्यांची गरज नाही. त्यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण दुसऱ्याच ठिकाणी आहे. मणी आणि चांडी यांचे पक्ष केरळात आलटून पालटून सत्तेत येणाऱ्या आघाडीचे प्रमुख घटक होते. करुणानिधी तर स्वतः मुख्यमंत्री होते. गणपतराव मात्र सतत आकुंचन पावणाऱ्या एका लहान पक्षात राहून, बहुतांश काळ विरोधी बाकांवर बसून निवडून येत राहिले.

शेतकरी कामगार पक्ष इतका लहान असताना त्यांनी पक्ष का बदलला नाही?

शेकाप हा काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदी नेत्यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा केलेला पक्ष. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने, म्हणजे पक्षाच्या वैचारिक दस्तऐवजाने, त्याने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तो समितीचा महत्त्वाचा घटक होता आणि राज्य स्थापन झाल्यावर बराच काळ विधानसभेतील प्रमुख विरोधी पक्षही होता. जेधे आणि मोरे स्वतः काँग्रेसमध्ये परतले आणि पुढे अनेक जिल्ह्यांतील कार्यकर्ते त्याच वाटेने गेले. १९६२ मध्ये १५, १९६७ मध्ये १९ आणि १९७८ मध्ये १३ आमदार असलेल्या या पक्षाकडे २००४ मध्ये केवळ दोन आमदार उरले.

अशा पक्षात राहण्याची किंमत मोठी असते. निधी कमी, मंत्रिपदाची शक्यता कमी, आणि जिल्हा बँक, साखर कारखाने, जिल्हा परिषद यांच्या सत्तासाखळीत स्थान जेमतेम. गणपतरावांनी ही किंमत मान्य केली. विचारांशी बांधिलकी हे त्याचे पहिले कारण, आणि ते मनापासूनचे होते. दुसरे कारण व्यवहारातले आहे. सांगोल्यात लाल बावटा हीच एका मोठ्या मतदारवर्गाची ओळख बनली होती आणि गावोगावचे कार्यकर्ते त्या ओळखीभोवती उभे होते. पक्ष बदलला असता तर उमेदवाराला नवे चिन्ह मिळाले असते, पण ही बांधणी मोडली असती. ते धनगर समाजातले होते आणि तालुक्यात त्या समाजाची संख्या मोठी आहे, याचा उल्लेख नेहमी होतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण एका समाजाच्या मतांवर अर्धशतक निवडून येता येत नाही.

पक्षांतरबंदी कायद्याचा त्यांच्यावर कधी परिणाम झाला का?

झाला नाही. हा कायदा १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आला. तोपर्यंत गणपतराव पाच निवडणुका जिंकलेले होते आणि त्यांनी पक्ष बदललेला नव्हता.

ते मंत्री होते का?

दोनदा. पहिल्यांदा जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, सरकार आले तेव्हा. दुसऱ्यांदा १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात. त्या सरकारात शेकाप हा पाच आमदारांचा छोटा घटक पक्ष होता. २००२ मध्ये शेकापने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि विलासरावांना विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जावे लागले. याखेरीज १९७७-७८ मध्ये काही महिने गणपतराव विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते.

एकावन्न वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपदाचा काळ थोड्या वर्षांचाच भरतो. ‘मंत्रिपदाशिवाय मतदारसंघाची कामे होत नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे पक्षांतराचे समर्थन म्हणून सर्रास वापरले जाते. ते तपासून पाहायचे असेल तर सांगोल्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

मग सांगोल्यासाठी त्यांनी प्रत्यक्षात काय केले?

येथे तीन विषय वेगळे करून पाहावे लागतात.

पहिला विषय पाण्याचा. माण नदीच्या खोऱ्यातील हा तालुका सतत टंचाईत असे. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रात सांगोल्याचा समावेश आहे. टेंभू योजनेत कराडजवळ उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवत सातारा, सांगली आणि अखेरीस सोलापूर जिल्ह्यातील गावांपर्यंत न्यायचे, म्हणजे तालुका योजनेच्या शेवटच्या टोकाला येतो. शेवटच्या टोकावरच्या गावाला पाणी मिळणे हे अभियांत्रिकीइतकेच राजकीय पाठपुराव्याचे काम असते. दरवर्षीच्या अर्थसंकल्पातील तरतूद, वीजबिलाची थकबाकी, अपुरे कालवे, वरच्या तालुक्यांचा वाढता वापर या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी भांडावे लागते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत भरणाऱ्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत गणपतराव वर्षानुवर्षे उभे राहिले. या परिषदेचे महत्त्व असे, की तिने जिल्ह्यांच्या आणि पक्षांच्या सीमा ओलांडून दुष्काळी तालुक्यांना एका मागणीवर एकत्र आणले.

दुसरा विषय सहकाराचा. सोलापूर जिल्ह्यात राजकीय नेता म्हटला की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. गणपतरावांचे नाव मात्र सांगोल्याच्या शेतकरी सहकारी सूतगिरणीशी आणि शेतकरी महिला सहकारी सूतगिरणीशी जोडले गेले. कापसाचा पट्टा नसलेल्या तालुक्यात सूतगिरणी चालवणे हा धाडसी निर्णय होता. राज्यातील अनेक सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडून बंद पडल्या असताना सांगोल्याची गिरणी चालू राहिली आणि तिने तालुक्यातील कुटुंबांना पावसावर अवलंबून नसलेले वेतन दिले.

तिसरा विषय रोजगार हमीचा. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून, म्हणजे गणपतराव मंत्री असलेल्या पुलोद सरकारच्या काळात, तो अमलात आला. योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण कायदा कागदावरून गावात उतरवण्यासाठी कामाची मागणी नोंदवून घेणारे कार्यकर्ते लागतात, आणि दुष्काळी तालुक्यांत ते काम डाव्या पक्षांनी मोठ्या प्रमाणावर केले. याच योजनेतून पुढे फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले. सांगोल्यात आज जी डाळिंबाची शेती दिसते, तिच्या वाढीमागे शेतकऱ्यांचे कष्ट सर्वांत मोठे आहेत. मात्र त्या अनुदानाचाही त्यात वाटा आहे.

विरोधी पक्षाचा एकटा-दुकटा आमदार सभागृहात काय करू शकतो?

सभागृहाचे नियम माहीत असतील तर बरेच काही करू शकतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचनेने तातडीच्या विषयावर शासनाकडून निवेदन मिळवता येते. प्रश्नाचे उत्तर असमाधानकारक असेल तर अर्धा तास चर्चा मागता येते. अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचनांद्वारे एखाद्या विभागाच्या मागणीवर बोलता येते. शिवाय मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पुढे आश्वासन समितीच्या तपासणीखाली येते, त्यामुळे मंत्र्याच्या तोंडून ‘करू’ असे वदवून घेणे हेही एक संसदीय काम आहे. गणपतरावांसारख्या ज्येष्ठ सदस्याचे वजन अशा वेळी उपयोगी पडे, कारण एखाद्या योजनेबद्दल दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणते उत्तर दिले गेले होते, हे सभागृहात ज्यांच्या लक्षात असे, अशा मोजक्या सदस्यांपैकी ते एक होते.

इतक्या वर्षांत मतदार आणि मतदानाची पद्धत किती बदलली?

खूप बदलली. १९६२ मध्ये मतदानाचे किमान वय २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ झाले आणि महाराष्ट्रात १९९० ची विधानसभा निवडणूक ही या नव्या मतदारांसह झालेली पहिली विधानसभा निवडणूक ठरली. २००४ पासून विधानसभेसाठी सर्वत्र मतदान यंत्रे वापरली जाऊ लागली, म्हणजे १९९५ चा १९२ मतांचा निकाल कागदी मतपत्रिकांवरचा होता. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. ज्यांच्या आजोबांनी १९६२ मध्ये गणपतरावांना मत दिले होते, ते तरुण २०१४ मध्ये त्यांनाच मत देत होते.

मतदारसंघाची हद्द तीच राहिली का?

नाव तेच राहिले, हद्द मात्र नेहमी तीच नव्हती. राज्यातील विधानसभेच्या जागा १९६२ मध्ये २६४, १९६७ मध्ये २७० आणि १९७८ पासून २८८ अशा वाढत गेल्या, त्यामुळे फेररचना होत राहिली. २००८ च्या फेररचनेनंतर सांगोला हा २५३ क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ असून तो माढा लोकसभा मतदारसंघात येतो. म्हणून १९६७ आणि २००९ मधील मतांच्या आकड्यांची सरळ तुलना करू नये.

२०१४ नंतर काय झाले?

२०१४ मध्ये ८८ वर्षांचे गणपतराव शिवसेनेच्या शहाजीबापू पाटील यांच्यावर २५ हजारांहून थोड्या अधिक मतांनी विजयी झाले. चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढत असलेल्या त्या निवडणुकीत शेकापचे राज्यात तीन आमदार आले. २०१९ मध्ये वयोमानामुळे त्यांनी निवडणूक लढवली नाही आणि त्यांचे नातू अनिकेत देशमुख उमेदवार झाले. शहाजीबापूंना ९९,४६४ आणि अनिकेत यांना ९८,६९६ मते पडली. फरक ७६८ मतांचा होता. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. २०२४ मध्ये गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा २५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. शिवसेना उद्धव ठाकरे पक्षाचे दीपक साळुंखे हेही रिंगणात होते आणि त्यांना सुमारे ५० हजार मते मिळाली.

२०२४ चा निकाल हा आजोबांच्या पुण्याईचा विजय मानावा का?

अंशतः. केवळ नाव पुरेसे असते तर २०१९ मध्ये, गणपतराव हयात असताना आणि स्वतः प्रचारात असताना, नातवाचा पराभव झाला नसता. २०२४ ची लढत तिरंगी होती आणि तिसऱ्या उमेदवाराने घेतलेली मते विजयाच्या फरकापेक्षा जवळपास दुप्पट होती. ती मते कोणाच्या खात्यातून गेली, हे गावनिहाय आकडे पाहिल्याशिवाय सांगू नये. एवढे मात्र नक्की, की २०२४ मध्ये संपूर्ण राज्यात शेकापला मिळालेली ही एकमेव जागा होती आणि ती सांगोल्याची होती.

घराणेशाहीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. ज्या नेत्याने आयुष्यभर प्रस्थापित घराण्यांविरुद्ध राजकारण केले, त्याच्या पक्षाला तालुक्यात उमेदवार शोधताना पुन्हा त्याच घराकडे पाहावे लागले, ही शेकापच्या संघटनेची उणीव आहे. गणपतरावांवर प्रेम करणाऱ्यांनीही ती मोकळेपणाने मान्य करायला हवी.

आज सांगोल्यातून विधानसभा लढवायची असेल तर काय लागते?

उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याचे वय किमान २५ असावे आणि त्याचे नाव महाराष्ट्रातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या मतदारयादीत असावे. त्याच मतदारसंघाचा मतदार असण्याची अट नाही. अनामत रक्कम १०,००० रुपये आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती ५,००० रुपये आहे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला मात्र दहा सूचक लागतात. मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे यांची माहिती नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते.

खर्चाची मर्यादा किती?

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवारासाठी २०१४ मध्ये ती २८ लाख रुपये होती आणि २०२२ पासून ती ४० लाख रुपये आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. ही मर्यादा उमेदवाराच्या खर्चाला लागू होते. पक्षाच्या खर्चावर अशी मर्यादा नाही. पैसेवाल्या पक्षांविरुद्ध लहान पक्षाच्या उमेदवाराला किती असमान लढाई लढावी लागते, ते या एका तरतुदीवरून समजते.

जुने निकाल कोठे तपासावेत?

भारत निवडणूक आयोग प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध करतो आणि त्यात मतदारसंघनिहाय उमेदवार, पक्ष, मते आणि मतदानाची टक्केवारी दिलेली असते. मात्र सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणुका नसतात. गणपतरावांच्या विजयांची संख्या काही ठिकाणी दहा दिसते, ती १९७४ चा विजय असा निसटल्यामुळे. मतदान केंद्रनिहाय आकडे हवे असतील तर नमुना २० पाहावा. कोणत्या गावाने कोणाला किती मते दिली याचा अंदाज त्यावरूनच येतो. सभागृहातील भाषणे आणि प्रश्नोत्तरे विधिमंडळाच्या कामकाजाच्या छापील वृत्तान्तात मिळतात. गणपतरावांच्या कारकिर्दीचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुरुवात तेथूनच करावी आणि सर्वांत आधी १९७२ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांतील चर्चा वाचाव्यात.

सांगोल्यात पुढची विधानसभा निवडणूक कधी?

विधानसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे असते. सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक डिसेंबर २०२४ मध्ये झाली, त्यामुळे ती मुदतीआधी विसर्जित न झाल्यास २०२९ च्या अखेरीस सांगोल्यात पुन्हा मतदान होईल.